ओल्ड ट्रॅफर्डचा पुनर्विकास की नवं ओल्ड ट्रॅफर्ड? दोन्ही एक नव्हेत

मार्च २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबनं आपल्या ओल्ड ट्रॅफर्डऐवजी एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमची चित्रं दाखवली. सर्कसच्या तंबूसारखं प्रचंड छत, त्यावर तीन उंच मनोरे, फॉस्टर अँड पार्टनर्स या आर्किटेक्ट कंपनीचं काम, खर्च सुमारे २ अब्ज पौंड. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे आणि तो एकाच शब्दावर अडून बसलाय. एक म्हणतो, ‘पुनर्विकास करा.’ दुसरा म्हणतो, ‘पुनर्विकास नको, आहे तेच मोठं करा.’ पहिल्याला म्हणायचं असतं की आहे तेच मोठं करा. म्हणजे दोघांचं एकमत असतं आणि तरी रात्री दीडपर्यंत भांडण.

दोष निम्मा आपल्या शब्दाचा आहे. मुंबई-पुण्यात पुनर्विकास म्हटलं की काय होतं ते कुणाला शिकवायला नको. सोसायटीची सभा, बिल्डर, संमतीपत्रं, भाड्याचे चेक, सगळ्यांनी घर रिकामं करायचं, इमारत जमीनदोस्त, मग त्याच प्लॉटवर टॉवर. आपल्याकडे पुनर्विकासात जुन्यातलं काहीच उरत नाही, उरतं ते नाव आणि पार्किंगवरून भांडणारे तेच शेजारी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये रीडेव्हलपमेंट म्हणतात ते बहुतेक वेळा याच्या अगदी उलट असतं: स्टेडियम तसंच ठेवून एकेक स्टँड वाढवायचा, सामने चालू ठेवायचे. आपल्या मराठी बातम्या दोन्हींना ‘पुनर्विकास’ म्हणून मोकळ्या होतात. या लेखात मी तो शब्द इंग्रजी फुटबॉलच्या अर्थानंच वापरणार आहे.

किरकोळ फरक आधी उरकतो.

छप्पर गळणं हा या वादातला मुद्दाच नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या कोपऱ्यातून पाण्याचा धबधबा कोसळला, तो व्हिडिओ दर पावसाळ्यात कुणीतरी नव्यानं टाकतोच. कोकणात कौलं शाकारतात, घर पाडत नाहीत. गळकं छप्पर ही डागडुजी आहे, ती दोन्ही पर्यायांच्या आधी करायची गोष्ट आहे.

पैसा? ‘स्टेडियमऐवजी स्ट्रायकर घ्या’ हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत गेली अनेक वर्षं स्टेडियमवरचा खर्च तोट्यात धरला गेलेला नाही. विटा कमी आणल्या म्हणून त्या नियमात नऊ नंबरची जर्सी बसत नाही. कर्जावरचं व्याज भरावं लागतं हे खरं, पण ते पुनर्विकासालाही लागतंच.

आता खरा घोळ. लोक तीन वेगळे प्रश्न एकात कालवतात. जागा तीच राहणार की बदलणार? बांधकाम चालू असताना क्लबला दुसरीकडे जावं लागणार का? आणि जुना सांगाडा उरणार का? सगळ्यांच्या डोक्यात याचं उत्तर एकच असतं: पुनर्विकास म्हणजे तीच जागा, घर न सोडता, जुनं सांभाळून, नवं स्टेडियम म्हणजे दुसरीकडे जाणं आणि जुनं संपणं. प्रत्यक्षात हे तीन प्रश्न एकमेकांना बांधलेले नाहीत.

टॉटनमचं बघा. या लंडनच्या क्लबचं नवं स्टेडियम व्हाइट हार्ट लेन या जुन्या स्टेडियमच्याच जागेवर, थोडं सरकून. जुन्याचा एक कोपरा पाडून तिथं काम चालू असतानाच ते २०१६-१७ चा हंगाम खेळले, मे २०१७ मध्ये शेवटचा सामना झाला आणि मग उरलेलं सगळं पाडलं. क्लब वेम्बलीला भाड्यानं गेला. २०१८ मध्ये परत येणार होते, सुरक्षा यंत्रणांच्या अडचणींमुळे एप्रिल २०१९ उजाडलं. जागा तीच, पण जुन्यातलं काही नाही. हे नवं स्टेडियम आहे, पुनर्विकास नव्हे. ठाण्याच्या माणसाला मात्र हाच खरा पुनर्विकास वाटेल, ट्रान्झिटसकट.

बार्सिलोना याच्या उलट. २०२३ मध्ये त्यांनी कॅम्प नोऊ रिकामं केलं आणि दोन हंगामांहून जास्त काळ माँजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये काढले. तिथे मैदानाभोवती धावपट्टी, गोलपासून प्रेक्षक मैलभर लांब. २२ नोव्हेंबर २०२५ ला ते ॲथलेटिक बिल्बाओविरुद्ध परतले, ४-० नं जिंकले, तेव्हा वरचा मजला अजून अपुराच होता. घर सोडलं, भाडं भरलं, उशीर झाला, सगळं टॉटनमसारखंच. तरी हा पुनर्विकासच, कारण वरचा तिसरा मजला पाडून नव्यानं बांधायला घेतला असला तरी खालच्या दोन मजल्यांचा सांगाडा बव्हंशी १९५७ सालच्या स्टेडियमचा आहे.

तेव्हा जागेवरून ठरत नाही, घर सोडण्यावरूनही ठरत नाही. ठरतं ते या प्रश्नावर: नव्या बांधकामाला हुकूम कोण सोडतो, जुनं काँक्रीट की नवा नकाशा?

हे ऐकायला तत्त्वज्ञान वाटतं, म्हणून जरा पायऱ्यांवर बसून बघू. स्टँड म्हणजे शेवटी काँक्रीटच्या पायऱ्या. समजा एका जुन्या स्टँडमध्ये ४० रांगा आहेत आणि प्रत्येक पायरीची खोली ७० सेंटिमीटर. म्हणजे स्टँड २८ मीटर खोल. मधल्या सीटवरच्या माणसाला चहा आणायचा असेल तर अख्खी रांग गुडघे वाकडे करून उभी राहते, हा अनुभव कुठल्याही जुन्या स्टेडियममध्ये गेलेल्याला आहे. पायरी ८० सेंटिमीटरची केली की गुडघे सुटतात. पण त्याच २८ मीटरमध्ये आता ३५ रांगाच बसतात. एका रांगेत २०० माणसं धरली तर हजार सीट गेल्या. त्या परत मिळवायच्या तर वर चढायचं, मागे सरकायचं. वर चढलं की माणूस मैदानापासून लांब जातो आणि छताला नवे आधार लागतात. मागे सरकायचं तर मागे जागा हवी. पायऱ्यांच्या उताराचंही तसंच. पुढच्याच्या टाळूवरून चेंडू दिसावा म्हणून उतार ठरवलेला असतो, आणि ज्या काळी लोक उभे राहून सामना बघत त्या काळचा उतार बसलेल्या माणसाला पुरेलच असं नाही. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर, टेलर अहवालामुळे इंग्लंडच्या वरच्या विभागांत सगळ्यांना खुर्ची द्यावी लागली, तेव्हा अनेक क्लबांनी उभ्यानं बघायच्या जागी खुर्च्या ठोकल्या. पायऱ्यांखालचा व्हरांडा किती रुंद, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत किती लोक मुतारीला जाऊन परत येऊ शकतात, हेही जुन्या पायानंच ठरवून टाकलेलं असतं. रंग लावा, स्क्रीन लावा, तो व्हरांडा एक इंचही वाढत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर वानखेडे. २०११ च्या विश्वचषकासाठी स्टँड नव्यानं बांधले, वर लटकतं छप्पर आलं, स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि सुमारे ४५ हजारांची क्षमता ३३ हजारांच्या आसपास आली. आराम वाढला, माणसं घटली. वाढायला जागा कुठून आणणार? एका अंगाला चर्चगेट-मरीन लाइन्सचे रूळ.

रुळांवरूनच ओल्ड ट्रॅफर्डला येऊ. दक्षिणेचा स्टँड, आता सर बॉबी चार्ल्टन स्टँड, बाकीच्यांच्या मानानं बुटका आहे, कारण त्याच्या पाठीला रेल्वे आहे. उत्तरेला तीन मजले झाले, २००६ मध्ये दोन कोपरे भरले, क्षमता पाऊण लाखाच्या आसपास गेली. दक्षिण तिथेच थांबली. पुनर्विकास केला तर ८७ हजारांपर्यंत जाता येईल, असा अंदाज पुढे आला होता. नव्याला एक लाख. हा तेरा हजारांचा फरक वास्तुशास्त्रज्ञाच्या हौसेतून आलेला नाही, जुन्या ढाच्याच्या बंधनातून आलेला आहे.

इथे हटकून कुणीतरी ॲनफिल्डचं नाव घेतो. ‘लिव्हरपूलनं केलं ना?’ केलं, आणि झकास केलं. मेन स्टँडचा नवा सांगाडा त्यांनी जुन्याच्या मागे आणि वर उभारला, हंगाम चालू असताना. २०१६ च्या उन्हाळ्यात जोडणी केली, पहिले सामने बाहेर खेळून घेतले आणि सप्टेंबरात लेस्टरला ४-१ नं हरवून उद्घाटन केलं. पुढे ॲनफिल्ड रोडची बाजू वाढवताना मूळ कंत्राटदार कंपनीच दिवाळखोरीत गेली, काम लांबलं, तरी क्षमता अखेर ६१ हजारांवर पोचली. पण हे जमलं कारण मेन स्टँडच्या मागे रूळ नव्हते, घरं होती. लोथेर रोडसारख्या गल्ल्यांतली घरं वर्षानुवर्षं रिकामी पडली आणि मग पाडली. ॲनफिल्डच्या पुनर्विकासाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती गल्ली एकदा नकाशात शोधावी. घरं पाडता येतात. मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वे हलवता येत नाही, फार तर तिच्या डोक्यावरून बांधता येतं, आणि मग ‘स्वस्तातला पर्याय’ स्वस्त राहत नाही.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते मात्र पुढच्या गोष्टीत. आमच्या ग्रुपवर ठाण्याचे एक काका आहेत, स्वतःच्या सोसायटीचे सेक्रेटरी, १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापासून युनायटेडचे भक्त. त्यांचा दर आठवड्याला ठरलेला मेसेज: ‘अरे, पण पाडल्यावर हे लोक ट्रान्झिटला जाणार कुठे? दुसऱ्याच्या मैदानावर? त्यापेक्षा आहे तेच वाढवा, निदान घर तरी सुटणार नाही.’ १९४१ मध्ये बॉम्ब पडल्यावर युनायटेड खरोखरच प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळत होतं, १९४९ पर्यंत. काकांना तो इतिहास तोंडपाठ आहे, म्हणून भीती जास्त.

अहो काका, गणित नेमकं उलटं आहे. नवं स्टेडियम जुन्याच्या शेजारी, क्लबच्या आसपासच्या जमिनीवर बांधायचा बेत आहे. त्यासाठी पश्चिमेचं मालगाडीचं टर्मिनल हलवावं लागेल, ती मोठीच डोकेदुखी आहे. पण नवं तयार होईपर्यंत संघ जुन्यातच, पूर्ण क्षमतेनं खेळत राहील. आर्सेनलनं तेच केलं: हायबरीत खेळत राहिले आणि २००६ मध्ये हाकेच्या अंतरावरच्या एमिरेट्समध्ये गेले. एव्हर्टननंही तेच: १८ मे २०२५ ला गुडिसनवर शेवटचा पुरुष सामना, ऑगस्टमध्ये गोदीकाठच्या नव्या घरात पहिला. मधे एकही दिवस भाड्याच्या घरात नाही. गुडिसन तर पाडलंही नाही, तिथं आता महिलांचा संघ खेळतो.

हाल होतात ते पुनर्विकासात. स्टँड पाडून बांधायचा तर तो बंद. १९९५-९६ च्या हंगामात ओल्ड ट्रॅफर्डचा उत्तर स्टँड पाडून बांधत होते तेव्हा सुरुवातीचे सामने तीस-बत्तीस हजारांसमोर झाले. संघानं त्या वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, त्यामुळे ते दिवस कुणाला आठवत नाहीत. आता तेच चारही बाजूंना, पाळीपाळीनं, काही वर्षं करायचं म्हटलं तर हंगामी तिकीटवाल्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्यानं उभा. जुनं सांभाळणारा पर्याय घर न सोडता अर्धं घर बंद ठेवतो, पाडणारा पर्याय शेवटच्या दिवसापर्यंत घर उघडं ठेवतो.

चेल्सीचं प्रकरण वेगळं, तिथं जागेचा प्रश्नच सगळ्यात मोठा. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन आणि क्लबच्या नावाचे हक्क समर्थकांच्या चेल्सी पिच ओनर्स या संस्थेकडे आहेत. जागा सोडली तर नावही हातातून जायची भीती. रूळ तिथेही मागे आहेतच. त्यांनी पुनर्विकासासाठी भांडावं, मला पटतं.

माझं मत विचाराल तर ओल्ड ट्रॅफर्डला नवंच बांधा. जीव तुटतो, तरी बांधा. फक्त दोन अटी. तिकिटाचे दर वाढवून काचेमागच्या जेवणावळींना जागा करू नका. आणि शेजारी बांधलेल्या इमारतीला ओल्ड ट्रॅफर्ड म्हणू नका. १९१० च्या मूळ स्टेडियमचा आज एकच तुकडा शिल्लक आहे, दक्षिण स्टँडच्या मधोमध असलेला जुना बोगदा. तो उचलून नव्या दालनात काचेत ठेवतील आणि ‘परंपरा जपली’ असं म्हणतील, याची मला खात्री आहे. टॉटनमवाल्यांनी निदान नवं नाव देण्याचा प्रामाणिकपणा दाखवला.

हे सगळं ग्रुपवर लिहून झालं. काकांनी अंगठा दाखवला. दहा मिनिटांनी मेसेज: ‘ते सगळं ठीक, पण तोपर्यंत सामने कुठे?’

ओल्ड ट्रॅफर्डमध्येच, काका. सीट तीच, गुडघेही तसेच, फक्त छपराच्या पलीकडे क्रेन दिसत राहतील.