कुलपातली केसभर फट

सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला की कुलपं अडकायला लागतात, आणि ‘पितळ फुगलंय’ असं सर्रास म्हटलं जातं. हिशोब मात्र वेगळंच सांगतो. एक अंश तापल्यावर पितळ दहा लाखांत साधारण १९ भाग वाढतं. म्हणजे कुलपाच्या आत वर-खाली सरकणारी ५ मिलिमीटरची पिन २० अंशांनी तापली तरी वाढ ०.००२ मिलिमीटरही भरत नाही. शिवाय पिनेचं भोकही पितळातच असतं, तेही त्याच प्रमाणात मोठं होतं. खरा दोष तेलावर बसलेल्या धुळीचा. यंत्रमागाच्या शेडजवळ तर त्यात सुताचे तंतूही मिसळतात. पिन हलायला भोवती मिलिमीटरच्या काही शतांशांची फट लागते आणि मळ तीच फट भरून टाकतो.

किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद याच फटीवर उभा आहे.

धाकट्या लायनस येल यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या धर्तीची पिनांची कुलपं आज घरोघरी आहेत. किल्ली ज्यात जाते तो गोल गाभा, आणि त्याच्या व बाहेरच्या अंगाच्या हद्दीवर आडव्या आलेल्या पिनांच्या पाच-सहा जोड्या. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर हद्दीवर आला की गाभा फिरतो. ही भोकं एका रेषेत पाडलेली असतात, पण तंतोतंत रेषेत कधीच नसतात. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता आधी एकच चेपली जाते. ती हद्दीपर्यंत उचलली की गाभा केसभर सरकतो आणि पाळी दुसरीवर येते. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या, तर किल्ल्या ७,७७६ होतात. एकेक पिन सुटी सोडवली तर फार तर ३० उंच्या तपासाव्या लागतात. एवढा फरक निव्वळ त्या वाकड्या भोकांमुळे पडतो!

सुरुवातीला अलीगढी धाटणीचं लिव्हरचं कुलूप नको. चपटी किल्ली, चौकोनी खाचा आणि बाजूला पन्हळ नाही, ही त्याची खूण. त्यापेक्षा भंगारवाल्याकडून दाराचं जुनं युरो सिलिंडर (दारात बसवायचा, किल्लीचं भोक असलेला कुलपाचा सुटा भाग) किल्लीसकट घ्या, कारण ते खोलता येतं. गाभ्याच्या आतल्या टोकाची सर्क्लिप (गाभा धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढा, किल्ली घालून गाभा थोडा फिरवा आणि मागून तेवढ्याच जाडीची दांडी लावून तो बाहेर सरकवा. दांडी आणि गाभा यांच्यात जरा जरी अंतर पडलं तरी स्प्रिंगा उडतात, म्हणून हे काम ताटात करावं. पिना निघतील त्या क्रमाने कागदावर मांडा. मग एकच जोडी परत घालून सराव सुरू करा. ती हाताला ओळखू आली की दुसरी घाला. पाचही पिनांवर थेट सुरुवात केली तर कुलूप नशिबाने उघडतं, हाताला काहीच कळत नाही.

हत्यारं दोनच. पिक, म्हणजे पिना उचलायची बारीक सळई, हॅक्सॉच्या ब्लेडची होते. ते साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं. घासून दोन मिलिमीटर रुंद बोट काढा, टोक किंचित वर वळलेलं ठेवा. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, कारण साध्या पोलादावर निळी छटा आली की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग पिक वाकते. नंतर ४०० आणि १,००० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खरखरीत पिक पिनेची चाहूल हातापर्यंत पोचू देत नाही. पीळ द्यायला जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी चालते. तिचं टोक आठ-दहा मिलिमीटर काटकोनात वळवायचं.

पट्टी किल्लीच्या खाचेत तळाशी ठेवून एका बोटाने दाबा. नखाखाली पांढरं पडलं तर जोर जास्त झाला. धाग्याचा ताण बोटांनी जोखणाऱ्या विणकराला हा अंदाज लवकर येईल. आता पिकने प्रत्येक पिन हळूच उचलून पाहा. मोकळी पिन स्प्रिंगसारखी परत येते, अडकलेली दगडासारखी घट्ट लागते. तीच उचला, बारीक ‘टक्’ होईल आणि पट्टी जराशी हलेल.

जोर कमी पडला तर बसलेल्या पिना खाली येतात. जास्त झाला तर कोणतीच हलत नाही, किंवा पिन हद्दीपलीकडे जाऊन जोडीतली खालची पिनच तिथे अडकते. मग कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. पीळ हळूहळू सोडा आणि पडणाऱ्या पिनांचे आवाज मोजा. सगळ्यात शेवटी सुटलेली पिन बहुधा तीच असते.

अमेरिकन कुलूपतज्ज्ञ अल्फ्रेड हॉब्ज यांनी १८५१ मध्ये लंडनला ब्रामा या कुलपांच्या कंपनीचं आव्हानाचं कुलूप उघडलं, तेव्हा १६ दिवसांत पसरलेले ५१ तास लागले आणि २०० गिनींचं बक्षीस मिळालं. नवशिक्याने पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटं द्यावीत, ती पुरतात. वापरातल्या कुलपावर सराव करू नका. पिना आणि स्प्रिंगा खराब होऊन अडकलं तर दारच बंद पडतं. दुसऱ्याच्या कुलपाला हातही लावायचा नाही.

पुढची पायरी रिळाच्या आकाराच्या, मध्ये बारीक असलेल्या पिनांची. गाभा चांगला काही अंश फिरतो, कुलूप उघडलंच असं वाटतं आणि तिथेच अडतं. अशा वेळी पीळ किंचित सैल करून तीच पिन दाबत राहायचं. गाभा उलट दिशेला सरकू लागतो. त्याला तसं सरकू द्यायचं.