पाच डोक्यांची तिआमत आणि बिनखोल्यांचा झिगुरात

फासे टाकून कल्पनेतली साहसं खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या टेबलावर ‘तिआमत’ म्हटलं की पाच डोक्यांची, पाच रंगांची ड्रॅगन-राणी समोर येते. बाबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सृष्टिकाव्यात तिला पाच डोकी नाहीत. तिथे ती खारा समुद्र आहे आणि तिचा नवरा अप्सू म्हणजे जमिनीखालचं गोडं पाणी. ही दोन पाणी एकमेकांत मिसळली आणि त्यातून देव जन्मले. वंशजांच्या गोंगाटाने अप्सूची झोप उडाली, त्याने त्यांना संपवायचं ठरवलं, पण त्याआधीच त्यांच्यातल्या एआने त्याला संपवलं. मग तिआमतने अकरा राक्षस घडवले, किंगू या आपल्या सेनापतीच्या छातीवर ‘दैवाची पाटी’ बांधली आणि ती लढायला उभी राहिली. बाबिलोनचा देव मर्दूक याने तिला वाळवलेल्या मासळीसारखं चिरून दोन भाग केले, एका भागाचं आकाश केलं, आणि तिच्या डोळ्यांतून युफ्रेटिस आणि टायग्रिस वाहू लागल्या. नव्या वर्षाच्या अकितू उत्सवात, चौथ्या दिवशी, हे काव्य मर्दूकसमोर म्हटलं जाई.

पाच डोकी अमेरिकेतली आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ 1974 साली आला. पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत एक बिननावाची ड्रॅगन-राणी होती. 1977 च्या राक्षसकोशात तिला तिआमत हे नाव मिळालं. 1980 साली देवदेवतांचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात सुमेर आणि बाबिलोन यांची वेगवेगळी प्रकरणं होती. (त्याच पुस्तकात आपले इंद्र, वरुण आणि यमही हिट पॉइंटसह, म्हणजे किती मार सोसतील त्या आकड्यासह, हजर होते.) बाबिलोनच्या यादीत इश्तार आणि मर्दूक यांच्या शेजारी ‘द्रुआगा’ नावाचा एक दैत्यराज घुसला होता, जो मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरातल्या, कुठल्याच देवमंडळात नाही. तरी त्याचं नशीब थोर. 1984 साली जपानच्या नामको कंपनीने त्याच्या नावाचा साठ मजली मनोरा आर्केडमध्ये उभा केला आणि त्यात इश्तारच्या पुजारणीला सोडवायला गिल्गमेश धावला. उरूकचा राजा असा अमेरिकामार्गे टोकियोला पोहोचला.

1990 मध्ये स्कॉट बेनी यांनी ‘फरगॉटन रेल्म्स’ या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या काल्पनिक जगासाठी अंथर नावाचं साम्राज्य सविस्तर लिहिलं. तिथे गिल्गीम नावाचा जुलमी देवराजा राज्य करतो, आणि त्याचं मूळ कोण हे सांगायला नको. याच बेनी यांनी पुढे 2003 मध्ये बायबलच्या काळावरचं रोलप्लेइंग पुस्तक केलं आणि त्यात बाबिलोनला खऱ्या इतिहासाच्या जास्त जवळ नेलं. एकाच लेखकाने आधी नावं उचलून काल्पनिक जगात नेली आणि मग तेराएक वर्षांनी तो उलट दिशेने चालत गेला. तयार फँटसी अ‍ॅडव्हेंचर घेऊन ती मेसोपोटेमियात बसवू पाहणाऱ्या प्रत्येक डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, हाच उलटा रस्ता चालावा लागतो. त्या रस्त्यावर राक्षसांची नावं बदलणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम आहे. खरी अडचण खानावळ, पैसा आणि तळघर (म्हणजेच डंजन) यांची.

पण आधी हे जग आपल्याला कळलं कधी, ते पाहू. ग्रीक पुराणं युरोपात शतकानुशतकं वाचली जात होती. मेसोपोटेमिया मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ मुकाच होता. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावरचा त्रैभाषिक शिलालेख उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा 1827 साली मुंबईच्या फौजेत आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. 1857 साली एकच अश्शूरी मजकूर रॉलिन्सन, हिंक्स, ओपर्ट आणि टॅलबट या चौघांना स्वतंत्रपणे दिला गेला. चौघांचे अनुवाद मुख्य गोष्टींत जुळले, तेव्हा ही कीलाकार लिपी वाचता आली हे जगाने मान्य केलं. निमरूद या जुन्या अश्शूरी राजधानीत उत्खननकार लेयार्डने काढलेली शिल्पं बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. निमरूदच्या राजवाड्यातल्या काही शिल्पपट्ट्या आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पंखवाला रक्षक-जिन खेळाडूंना दाखवायचा असेल तर लोकल धरून काळा घोड्याला जा, इंटरनेटवरचं चित्र पुरणार नाही. पुढे 3 डिसेंबर 1872 रोजी जॉर्ज स्मिथने लंडनमध्ये गिल्गमेशची जलप्रलयाची पाटी वाचून दाखवली आणि 1876 मध्ये सृष्टिकाव्याचे तुकडे छापले. म्हणजे तिआमत वाचकांना भेटली आणि तिला पाच डोकी फुटली, यांत जेमतेम शंभर वर्षांचं अंतर आहे.

आता खानावळ. ‘तुम्ही सगळे एका खानावळीत भेटता’ ही फँटसी खेळातली सर्वांत घासून गुळगुळीत झालेली सुरुवात. हम्मुराबीच्या बाबिलोनमध्ये (इ.स.पू. 1792 ते 1750) ती भलतीच धारदार होते. बिअर विकणारी बाई तिथे नेहमीची. तिच्याकडे बसून लोक मडक्यातून लांब नळ्यांनी बिअर ओढत. हम्मुराबीच्या कायद्याचं 109 वं कलम म्हणतं की तिच्या घरात कटवाले जमले आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात नेलं नाही, तर तिलाच मृत्युदंड. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून गूढ म्हातारा कुजबुजू लागला की मालकिणीने काय करायचं? डीएमने फक्त एवढं ठरवलं तरी पहिलं सेशन आपोआप चालतं. मालकिणीला दुबळी समजू नका. सुमेरी राजांच्या यादीत किशच्या गादीवर बसलेली कुबाबा ही पूर्वाश्रमीची खानावळवालीच होती, आणि यादी तिला शंभर वर्षं राज्य देते.

पैशाचा प्रश्न याहून किचकट. प्रत्येक अ‍ॅडव्हेंचरमध्ये सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या पेट्या असतात, आणि हम्मुराबीच्या काळात नाणी नव्हतीच. ती पुढे हजाराहून अधिक वर्षांनी, दूर पश्चिमेला लिडियात पडू लागली. इथे चांदी तोलून देत: एक शेकेल म्हणजे साधारण 8.3 ग्रॅम, साठ शेकेलचा एक मीना, साठ मीनांचा एक टॅलेंट, जो सुमारे तीस किलो भरतो. रोजचा व्यवहार जवाच्या मापात, आणि मजुरी धान्य, तेल, लोकर यांत. ‘पाचशे सोन्याची नाणी’ या ओळीच्या जागी चांदीची कडी, जवाचं कोठार आणि एका मंदिराने दिलेली कर्जाची पाटी आली की लुटीचा अर्थच बदलतो. जव पाठीवर घेऊन पळता येत नाही. कर्जाची पाटी पळवता येते, पण ती ज्याच्या नावाची आहे त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते, आणि साक्षीदारांच्या मोहरा तिच्या पाकिटावर असतात. (पाकीटही मातीचंच.) माझ्या मते या एका बदलाने खेळाडू जितके त्या काळात शिरतात तितके दहा राक्षसांनी शिरत नाहीत.

दुर्मीळ वस्तूंना मात्र तोटा नाही. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून, कार्नेलियनचे मणी मेलुहातून, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू खोऱ्यातून. अक्कडचा राजा सर्गोन आपल्या लेखात बढाई मारतो की मेलुहा, मगान (ओमान) आणि दिलमुनची (बहरीन) जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात. ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या’ असं कोरलेली शू-इलिशूची मोहर लूव्र संग्रहालयात आहे. भारतीय खेळाडूला पात्र म्हणून यापेक्षा बरं काय मिळणार!

तळघराबद्दल एक गैरसमज काढून टाकावा लागतो. झिगुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-मनोरा, पाहिला की डीएमला त्याच्या पोटात भुयारं, सापळे आणि गुप्त दारं दिसू लागतात. हा इजिप्तच्या पिरॅमिडचा चकवा. ऊर-नम्मूने इ.स.पू. 21 व्या शतकात ऊरमध्ये बांधलेला झिगुरात आतून भरीव आहे: कच्च्या विटांचा गाभा, बाहेरून डांबरात बसवलेल्या भाजक्या विटांचं जाड आवरण, मध्ये बोरूच्या चटयांचे थर. खोली एकही नाही. जे काही होतं ते माथ्यावरच्या देवळात आणि पायथ्याच्या आवारात. उत्खननकार लिओनार्ड वूलीने 1920 च्या दशकात ऊरची राजकबरस्थानं उकरली, तिथली ‘मृत्यूची मोठी विहीर’ म्हणजे 74 जणांची सामुदायिक कबर होती, चक्रव्यूह नव्हे. तिच्यात उतरलं की खेळाडूंसमोर लढायला कोणी नसतं, फक्त सोन्याची पानं माळलेल्या दासी ओळीने पडलेल्या.

त्याच कबरस्थानात वूलीला वीस घरांचे खेळाचे पट आणि चार कोनांचे फासे सापडले. आजच्या डी-4 सारखेच चतुष्फलक, फक्त आकड्यांऐवजी चारपैकी दोन टोकांना खुणा. ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या एका पाटीवरून या खेळाचे नियम लावले. याच जातीचा एक पट कोचीच्या ज्यू घरांत विसाव्या शतकापर्यंत खेळला जात होता. टेबलावर हे फासे ठेवायला कुठल्याही सबबीची गरज नाही.

जादूचं काय? इथे जादूगार म्हणजे शिकलेला माणूस, आणि त्याची कामं वाटलेली. आशिपू मंत्र म्हणून भूत उतरवतो, बारू मेंढीच्या काळजावरून भविष्य वाचतो, असू औषध देतो. ‘मक्लू’ या आठ पाट्यांच्या मंत्रसंग्रहात चेटकिणीचे पुतळे जाळायचे विधी आहेत. फायरबॉल टाकणारा मोकाट जादूगार या जगात फार टिकत नाही, कारण हम्मुराबीचं दुसरंच कलम चेटकाच्या आरोपाबद्दल आहे: आरोपीने नदीत उडी घ्यायची. बुडाला तर त्याचं घर आरोप करणाऱ्याला. वाचला तर आरोप करणाऱ्याला मृत्यू, आणि त्याचं घर आरोपीला. पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतल्या, विझर्डवर कोणी बोट दाखवलं, तर ‘पोहता येतं का?’ हा चेक (फासे टाकून द्यायची परीक्षा) बाकी सगळ्या चेकपेक्षा मोलाचा.

भुतंही वेगळी आहेत. ज्याला किस्पू, म्हणजे पितरांना द्यायचं पाणी आणि अन्न, मिळत नाही तो मेलेला परत येतो आणि कानात ओरडतो. पितृपक्ष पाळणाऱ्या घरात वाढलेल्या खेळाडूला हे समजावून सांगावं लागत नाही. अशा भुताशी तलवारीने लढून काही साधत नाही. ते कोणाचं, कुठे पुरलं, वारस कुठे गेले याचा तपास करावा लागतो. पझूझूचंही तसंच. खेळात तो दैत्यांचा राजपुत्र. मेसोपोटेमियात त्याचं भेसूर तोंड बाळंतिणीच्या खोलीत टांगत, कारण तान्ही मुलं पळवणारी लमाश्तू त्याला घाबरे. चांगला-वाईट या अलाइनमेंटच्या चौकटीत तो बसत नाही, आणि ती चौकटच काढून टाकलेली बरी.

कथेसाठी बाहेर जायची गरज पडत नाही. एन्की देवाला बिअर पाजून त्याच्याकडून ‘मे’, म्हणजे संस्कृतीचे सारे अधिकार, नावेत घालून उरूकला पळवणारी देवी इनान्ना ही दरोड्याची तयार गोष्ट आहे. हित्ती राजा मुर्सिलीच्या फौजेने इ.स.पू. 1595 च्या सुमारास बाबिलोन लुटलं, मर्दूकची मूर्ती देशाबाहेर गेली. पुढे एलामच्या लोकांनीही ती पळवली आणि पहिल्या नेबुखद्नेझरने ती परत आणली. देव परत आणायची मोहीम यापेक्षा खरी कुठे मिळेल? माझी आवड मात्र इसिन या शहराच्या राजवाड्यातली. ग्रहणासारख्या अपशकुनाच्या वेळी खऱ्या राजावरचं संकट टळावं म्हणून एखाद्याला तात्पुरता राजा करत आणि मुदत संपली की मारून टाकत. राजा इरा-इमित्तीने एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला असं गादीवर बसवलं. एका इतिवृत्तानुसार मग खरा राजाच गरम पेज घेताना मेला, आणि माळी गादीवरून उठलाच नाही. पार्टीतल्या कोणाला तरी तो मुकुट घालून बघा.

आणि तळघर हवंच असेल तर काळ बदला, जागा नको. मेसोपोटेमियातली शहरं आपल्याच ढिगाऱ्यावर बांधत वर चढत गेली, त्यामुळे प्रत्येक पांढरीच्या टेकाडाखाली जुनी शहरं थरांनी दडलेली आहेत. हे ज्याला कळलं होतं तो राजा म्हणजे नबोनिदस (इ.स.पू. 556 ते 539). सिप्परचं सूर्यमंदिर दुरुस्त करताना तो इतका खोल खणत गेला की त्याला अक्कडच्या नराम-सिन राजाची पायातली कोनशिला सापडली. ती 3200 वर्षं जुनी असल्याचं त्याने लिहून ठेवलं. हिशेब सुमारे दीड हजार वर्षांनी जास्त होता. त्याची मुलगी ऊरची महापुजारीण, आणि तिच्या वास्तूत वूलीला जुन्या काळच्या वस्तू व त्यांची माहिती देणारी मातीची चिठ्ठीही सापडली. जमिनीखाली माणसं उतरवणारा, पैसे देणारा आणि सापडलेल्या दगडावर हात लावू न देणारा मालक इतिहासाने आयता दिला आहे. मर्दूकचे पुजारी त्याच्यावर नाराज, कारण त्याचं सगळं लक्ष चंद्रदेव सिनकडे. तो स्वतः दहा वर्षं अरबस्तानातल्या तैमा इथे जाऊन बसला, तेवढी वर्षं बाबिलोनमध्ये अकितू झाला नाही, आणि कारभार मुलाच्या, बेलशझ्झरच्या हाती. कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशनच्या लांब कथेला, मुदतही आहे: इ.स.पू. 539 च्या ऑक्टोबरमध्ये इराणी सम्राट कुरूशची फौज बाबिलोनमध्ये शिरते. खेळाडूंना ही तारीख आधी सांगायची की नाही, हे डीएमने ठरवायचं.