आठ पतंग, तीन रात्री

पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वावरात सकाळी कामगंध सापळ्याची (मादीच्या वासानं नरांना ओढणाऱ्या सापळ्याची) पिशवी सोडून पाहिली तर आत गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग. काल नऊ होते, परवाही आठच. "कालच्यापेक्षा एक कमीच हाय, उद्या पाहू." उद्या झड लागते. परवा उघाड पडते, पण मजूर दुसऱ्याच्या वावरात गेलेला असतो. आठवडा असाच जातो आणि मग हिरवं बोंड फोडलं की सरकीत अळी बसलेली सापडते.

यात आळस नसतो, हे आधी सांगायला हवं. फवारा मारला आणि वाया गेला तर पैसे आपल्या हातानं गेल्यासारखे वाटतात. नाही मारला आणि अळीनं बोंडं खाल्ली, तर दोष अळीचा. नुकसान सारखंच असलं तरी मनाला हातून घडलेलं जास्त टोचतं. इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये लसीकरणाच्या उदाहरणावर हेच दाखवलं. लसीचा धोका रोगापेक्षा कमी आहे असं सांगूनही बरेच लोक लस द्यायला कचरत होते. त्यात भर म्हणजे, दोन्ही बाजू जवळपास सारख्या वाटल्या की मेंदूला ठरवायला जास्तच वेळ लागतो. सापळ्यात दोन पतंग असले किंवा चाळीस असले तर कोणी अडत नाही. अडायला होतं ते सात, आठ, नऊच्या आसपास.

या कचरण्यावर कीटकशास्त्रात एक उपाय आहे: आर्थिक नुकसानीची पातळी. कॅलिफोर्नियात स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यात दोन आकडे असतात. कीड एवढी वाढली की नुकसान फवारणीच्या खर्चाइतकं होतं, हा पहिला. दुसरा त्याच्या खालचा, म्हणजे हालचाल करायची वेळ सांगणारा. मधलं अंतर मुद्दाम सोडलेलं असतं, कारण औषध आणायला, पंप लावायला, पाऊस थांबायला दिवस लागतात. म्हणून आकडा गाठल्यावर "अजून थोडं पाहू" म्हणणारा माणूस आधीच मोजून ठेवलेली सवलत पुन्हा एकदा वापरत असतो.

गुलाबी बोंडअळीसाठी आपल्याकडे हे आकडे ठरलेले आहेत. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी २ सापळे, पिकाच्या शेंड्यापासून फूटभर उंच. सापळ्यामागे ८ पतंग, सलग ३ रात्री. किंवा १०० फुलांत १० डोमकळ्या (अळी लागून न उमललेली, मिटलेली फुलं). किंवा २० हिरव्या बोंडांत २ किडलेली. तिन्हींपैकी एक गाठलं तरी पुरे. तीन रात्रींची अट उगाच नाही. वाऱ्यापावसानं एका रात्रीचा आकडा डळमळतो. वाट पाहायची तेवढी त्या अटीतच पाहून झालेली असते. चौथी रात्र मागू नये.

बोंडं तपासताना लोक हमखास एक चूक करतात: गुलाबी अळी शोधतात. गुलाबी रंग मोठेपणी चढतो. लहान अळी पांढरी असते, डोकं तेवढं काळसर. धुऱ्याजवळची (बांधाजवळची) बोंडं सोडून वावरात नागमोडी चालत मध्यम आकाराची २० बोंडं तोडावीत आणि चाकूनं उभी फोडावीत. बोंडाच्या पाकळीच्या (कप्प्याच्या) आतल्या सालीवर बारीक फोड किंवा नागमोडी रेघ दिसली तर अळी आत शिरली आहे. पहिल्या सहा बोंडांतच दोन किडलेली निघाली तर उरलेली चौदा फोडायची गरज नाही, निर्णय झाला. पुरावा पुरेसा झाला की तपासणी थांबवायची, या विचाराचं गणित अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवलं.

उशीर एवढा महाग का पडतो, ते अळीच्या दिनक्रमात आहे. सापळ्यात येतात ते नर. तोवर माद्यांची अंडी पात्या (कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर पडू लागलेली असतात. अंडी चार-पाच दिवसांत फुटतात आणि निघालेली अळी काही तासांत आत शिरते. बोंड वाढताना ते छिद्र बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, फवारा वरून ओघळून जातो आणि वेचणीला हातात कवडी (नीट न फुटलेला, डागी कापूस) येते. म्हणजे औषधाची वेळ त्या चार-पाच दिवसांची.

उशिरा ठरलेली फवारणी घाईचीही होते. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जातात, मात्रा वाढवली जाते, तोंडाला फडकं नसतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, वाऱ्याच्या दिशेनं, हातमोजे आणि मास्क लावून मारावं. यातलं काहीच ऐनवेळी जमत नाही.

म्हणून निर्णय सापळा लावायच्या दिवशीच घ्यावा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं "अमुक झालं तर तमुक करीन" असं आधी ठरवण्याचा अभ्यास केला. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असं ठरवणारे बरेच जास्त वेळा काम पुरं करतात असं दिसलं. वहीत एवढं लिहून ठेवावं: "तीन सकाळी आठ भरले, तर त्याच संध्याकाळी औषध घरात, पहिल्या उघाडीला फवारणी." खाली औषधाचं नाव, मात्रा, पंप कोण चालवणार आणि पैसे कुठले. सापळा मोजणारा आणि ठरवणारा वेगळा असेल, तर दोघांनी ते वाचलेलं असावं. पात्या लागताना मारायच्या निंबोळी अर्काचीही तारीख तिथेच टाकावी: ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत, सकाळी गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर.

त्याच पानावर आणखी एक तारीख हवी, पऱ्हाटी उपटायची. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवण्याचा, निर्णय कोणी घेत नाही, तो लांबत जातो. भाव थोडा बरा आहे, दोन वेचे निघतील, करता करता फेब्रुवारी येतो. तोवर अळीला चारा मिळत राहतो आणि जोडसरकीत (एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्यांत) दडून ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पतंग धुरा ओळखत नाहीत, त्यामुळे ज्यानं डिसेंबरअखेर वावर मोकळं केलं त्याच्याही पात्यांवर जुलै-ऑगस्टात शेजारच्या फरदडीचे पतंग उतरतात. ही तारीख गावानं मिळून ठरवली तरच उपयोग, आणि ती ठरवायची बैठक वेचणी सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास घ्यावी, कापसाचा भाव डोळ्यांपुढे यायच्या आत.