आईला घुमतंय, मला ऐकूच येत नाही

दिवाळीला वूफर (खालचे, जड सूर म्हणजे बास वाजवणारा स्पीकर) घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात रोज एकच भांडण. मी खुर्चीत बसून म्हणतो बासच नाही राव, आणि आवाज वाढवतो, की आई स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे बरोबर खोलीच्या कोपऱ्यात येऊन म्हणते, "बंद कर ते, नुसतं घुमायलंय, मांडणीवरचे डबे वाजायलेत!" दुकानदार म्हणाला मोठा वूफर घ्या, मित्र म्हणाला जाड केबल टाक. ते दोघं चुकीचे होते. मी आणि आई मात्र दोघंही बरोबर होतो.

आमच्या लातूरकडं घर बांधलं की खोली दहा बाय दहा, स्लॅब दहा फुटांवर, खाली फरशी, भिंती सिमेंटच्या. म्हणजे चक्क ठोकळा, आणि आवाजासाठी ठोकळ्याइतकी वाईट खोली नाही.

परातीत पाणी घ्या आणि दोन्ही हातांनी हलकेच डावीकडं-उजवीकडं हलवा. एका ठराविक तालावर पाणी एकदम उसळायला लागतं, या काठावर चढतं, मग त्या काठावर, पण मधोमध बघा, तिथली पातळी जागची हलत नाही. खोलीतल्या हवेचा दाब अगदी असाच वागतो. आवाज भिंतीवर जाऊन परत येतो, जाऊन-येऊन 20 फूट म्हणजे साधारण 6.1 मीटर, 25 अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला 346 मीटरच्या आसपास, भागाकार केला की येतात 57. सेकंदाला 57 कंपनं, म्हणजे 57 हर्ट्झ, हा त्या परातीचा ताल. आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असल्यानं तीन पराती एकाच तालावर उसळतात. तिन्हींचा काठ जिथं भेटतो तो कोपरा, तिथं आई. मी बसलेलो पंख्याखाली, मधोमध. (वास्तूवाले म्हणतात टीव्ही-स्पीकर आग्नेयेला ठेवा. आवाजाला दिशा कळत नाही, त्याला फक्त भिंत किती लांब तेवढं कळतं.)

बरं, गोधड्या टांगून भागत नाही का? वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं 1895 च्या सुमारास हार्वर्डात रात्री-रात्री थिएटरातल्या गाद्या उचलून लेक्चर हॉलमध्ये आणून घुमणं मोजलं होतं, पण गाद्या मुख्यतः मधले आणि वरचे सूर पितात. 57 हर्ट्झची लाट 6 मीटर लांब, तिला तीन इंचाची गोधडी काय कळणार.

म्हणून डिजिटल रूम करेक्शन, म्हणजे खोली आवाज कुठं बिघडवते ते मोजायचं आणि स्पीकरला जायच्या आधीच आवाज तसा दुरुस्त करायचा. कानाच्या उंचीवर मोजणीचा माइक ठेवायचा (मोबाईलच्या माइकवर भरवसा नको, बोलणं स्वच्छ यावं म्हणून त्यात खालचे सूर बऱ्याचदा कापलेले असतात), रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत एक चढता सूर वाजवतं, आणि काय पाठवलं, काय ऐकू आलं याची तुलना करून ग्राफ काढतं. मग ग्राफमध्ये जिथं डोंगर आहे, म्हणजे सूर जास्तच मोठा येतो, तिथं तेवढ्याच मापाचा उलटा फिल्टर, म्हणजे तेवढाच सूर कापणारी चाळणी.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. फिल्टर नुसता आवाज कमी करत नाही. झोक्याला धक्का देणं थांबवलं तरी झोका थोडा वेळ हलत राहतो, तशी तबल्याची थाप संपली तरी खोली 57 वर गुणगुणत राहते, आणि हा फिल्टर थापेच्या मागोमाग त्याच तालाची छोटी उलटी लाट पाठवतो, म्हणजे परत येणाऱ्या झोक्याला हात लावून थांबवल्यासारखं. खालच्या सुरांत खोली बहुतेक जागी मिनिमम फेज वागते, म्हणजे डोंगराची उंची आणि गुणगुणण्याचं शेपूट एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणून उंची नीट केली की शेपूटही आपोआप तुटतं, फक्त फिल्टरचा मध्य आणि रुंदी डोंगराशी जुळली पाहिजे. काही शे हर्ट्झच्या वर मात्र इतके प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात की मान चार बोटं हलवली तरी ग्राफ बदलतो, तिथं बारीक दुरुस्ती करत बसू नये.

आणि ग्राफमधला खड्डा, म्हणजे जिथं सूर ऐकूच येत नाही, तो फिल्टरनं भरत नाही! 10 डेसिबल वाढवायला अ‍ॅम्पला दहापट पॉवर लागते, आणि जिथं येणारी अन् परतणारी लाट एकमेकींना खातात तिथं दोन्ही वाढतात, खड्डा तिथंच. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. मी खुर्ची अडीच फूट मागं सरकवली, तिथं बास आला, जरा जास्तच आला, मग त्या डोंगरावर 8 डेसिबल कापले. परात एकच असल्यानं कोपऱ्यातलं उसळणंही तेवढंच उतरलं, आणि डबे गप्प झाले.

एक घोळ राहिला. ही मोजणी डिसेंबरातल्या सकाळची, 15 अंशाची, तेव्हा डोंगर 56 च्या जवळ होता. मे महिन्यात आमच्याकडं 40 अंश, आवाज जोरात पळतो, डोंगर 58 च्या पुढं. परत मोजायला बसलो तर कूलरची घरघर माइकमध्ये, म्हणून कूलर बंद केला, दोन मिनिटांत आई दारात आली आणि म्हणाली, "आता काय बंद करायलास?"