कळलावीचा कंद नेताय? आधी डोळा बघून घ्या

जून संपत आला की रोपवाटिकेत एकच तक्रार सुरू होते: "कंद उगवला नाही, बदलून द्या." परत आणलेला कंद हातात घेतला की बहुतेक वेळा कारण टोकालाच दिसतं. डोळा मोडलेला असतो. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक खरेदीसोबत देतो. कंद लावण्याआधी वाचा, लावून झाल्यावर नको.

बटाट्याला अंगभर डोळे असतात, म्हणून त्याचे तुकडे करून लावले तरी चालतं. कळलावीचं तसं नाही. तिचा कंद दोन फाट्यांचा असतो आणि प्रत्येक फाट्याला एकच डोळा, तोही अगदी टोकाला. ते फिकट, कोवळं टोक पिशवीत दुसऱ्या कंदावर घासलं, गाडीच्या डिकीत आपटलं किंवा सुरीखाली गेलं, की त्या फाट्यातून पुन्हा कोंब येत नाही. कंद वरून मात्र धडधाकट दिसतो, काही आठवडे मातीत तसाच पडून राहतो आणि शेवटी कुजतो. तोवर लावणाऱ्याची समजूत अशी की बियाणंच खराब होतं.

दोन फाटे वेगळे करायचेच असतील तर मधल्या सांध्यावर करा, बाकी कुठेही सुरी लावू नका. कापलेली बाजू सावलीत सुकू द्या. मग १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) घालून त्यात कंद २० मिनिटं बुडवा. हे काम हातमोजे घालून करायचं.

लावताना कंद आडवा ठेवा, वर ५ ते ७ सेंटिमीटर माती. कुंडी निदान ३० सेंटिमीटर खोल हवी. डोळ्याचं टोक कुंडीच्या मध्याकडे असू द्या, कारण वेल तिथूनच वर येणार आहे. दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत एवढं पुरतं. निव्वळ काळी माती नको, पाणी साचलं की कंद सडतो. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, कधी महिनाही. या काळात "आला का बघू" म्हणून माती उकरू नका. वाहतुकीत वाचलेले कितीतरी डोळे या उकरण्यात जातात.

आधाराला सुतळी, तार किंवा बारीक काटक्या द्या. कळलावी पानाच्या टोकाने धरून चढते, जाड बांबू त्या टोकाच्या कवेत येत नाही. शेंगा हव्या असतील तर सकाळी ८ ते ११ दरम्यान हाताने परागीकरण करा. फुलातला स्त्रीकेसराचा दांडा पुंकेसरांपासून बाजूला वाकलेला असतो, त्यामुळे आपोआप फळधारणा कमी होते. एका फुलाचा पराग दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावलात तर उत्तम.

पावसाळा सरल्यावर वेल पिवळी पडून वाळते. ती मेलेली नाही. पाणी बंद करा आणि कुंडी कोरड्या सावलीत सरकवा. जुना कंद आक्रसून त्याच्या जागी नवा दोन फाट्यांचा कंद तयार झालेला असतो. आवराआवरीत हीच माती उकिरड्यावर जाते, म्हणून कुंडीवर नाव लिहून ठेवा.

"रस्त्यावर हाच कंद निम्म्या भावात मिळतो" हेही ऐकतो. मिळतो, पण तो बहुधा सह्याद्रीच्या रानातून उपटलेला असतो. ऐन फुलोऱ्यात उपटलेल्या वेलीचं बी पिकलेलं नसतं, नवा कंदही पुरता भरलेला नसतो. म्हणजे रानातली वेल गेली आणि तुमच्या हाती पडला तो दुबळा कंद. उघड्या मुळांचा, फुलासकट कंद ऑगस्टमध्ये कोणी विकत असेल तर तो घेऊ नका. औषध उद्योगाला कोल्चिसिन या औषधी द्रव्यासाठी मुख्यतः बी लागतं. कंदापेक्षा त्याचं प्रमाण बियांत जास्त असतं आणि बी वेल न उपटता काढता येतं. लागवड वाढली तर रानावरचा भार हलका होतो तो असा. आमचा कंद महाग वाटतो, कारण बियांपासून फुलायच्या वयाचं रोप करायला तीन-चार वर्षं जातात. आम्ही ५० ग्रॅमच्या आतला कंद विकत नाही, तो पहिल्या वर्षी फुलेल याची खात्री देता येत नाही.

कळलावी सगळ्या अंगांनी विषारी आहे आणि शिजवूनही तिचं विष जात नाही. कंद रताळ्यासारखा दिसतो, तेव्हा स्वयंपाकघरात ठेवूच नका. मुलांचा, गुरांचा हात-तोंड पोचेल तिथे वेल लावू नका. कोणी खाल्लाच तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा, सोबत कंदाचा तुकडा न्या. घरगुती उपचारासाठी, विशेषतः बाळंतपणासाठी, कोणी कंद मागितला तर आम्ही देत नाही. इथे घासाघीस चालणार नाही.

कंद देताना डोळा तुमच्यासमोर दाखवतो आणि त्या टोकाला रंगीत दोरा बांधतो. त्यानंतर मोडलेल्या डोळ्याचा कंद बदलून मिळत नाही. डोळा शाबूत असूनही कंद उगवला नाही, तर तो घेऊन या, दुसरा देऊ. शेतावर लावणाऱ्यांनी पावती जपून ठेवावी आणि पीक पाहणीत नोंद करून घ्यावी. माल विकताना तो लागवडीचा आहे हे दाखवायला दोन्ही उपयोगी पडतं. जास्त कंद हवे असतील तर फेब्रुवारीअखेर नोंदणी करा, एप्रिल-मेमध्ये न्या. येताना पोतं नको, कडक खोकं आणा. नारळाचा भुसा आम्ही भरून देऊ.