घरदार गेलं, शिकलेलं राहिलं

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि गोव्यातल्या कितीतरी घरांची झोप उडाली, कारण म्हापसा म्हणा, मडगाव म्हणा, कोणाचा ना कोणाचा माणूस तिकडे होताच. एअर इंडियाने एक लाखाहून जास्त भारतीयांना परत आणलं, पण बरेचजण आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी, सामान तिथेच, बँकेतले पैसे अडकलेले, आणि हातातले दिनार कोणी बदलून घेईना. अशा घरांतून मुलांना एकच सांगणं असायचं, शिका रे, तेवढं कोणी काढून घेऊ शकत नाही.

घरदार गेलेले लोक खरंच शिक्षणाकडे जास्त वळतात का, हे मोजून बघता येतं का? येतं, पोलंडमध्ये बघितलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडची सीमाच सरकली, क्रेसी म्हणतात तो पूर्वेचा पट्टा सोव्हिएत युनियनकडे गेला आणि तिथल्या पोलिश लोकांना उठवून दूर पश्चिमेला नेऊन वसवलं, जमीन गोठा सगळं मागे. 2020 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांच्या आजच्या वंशजांची तुलना इतर पोलिश लोकांशी केली तर ते सरासरी एक वर्ष जास्त शिकलेले निघाले! बरं, युद्धाआधी क्रेसीवाले शिक्षणात पुढे होते असंही नाही. संशोधकांनी तर नव्या सीमेच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची घराणी पण ताडून बघितली, म्हणजे कालपर्यंतचे शेजारीच, एकाला उठवलं आणि एक राहिला, तरी फरक दिसलाच.

पण म्हणून हाल झाले की माणूस शिकतो असं कोणी म्हणू नये, मला ते पटत नाही आणि आकडेही तसं सांगत नाहीत. युद्धाच्या वेळी दहा वर्षांच्या आसपास असलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन मुलांची शाळा बुडाली ती बुडालीच, चाळीस वर्षांनंतरही त्यांची कमाई कमी होती, युद्धाबाहेर राहिलेल्या स्वीडन-स्वित्झर्लंडच्या त्याच वयाच्या मुलांत तसं नव्हतं. आणि डोक्यावरचा ताण वेगळाच. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत उंदरांवर प्रयोग झाले, सतत ताण दिला की आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालामधल्या उलट वाढतात, आणि ही वाढ ताण थांबून तीन आठवडे झाले तरी तशीच राहते. अशा मुलाला वर्गात लक्ष दे म्हणून ओरडून काय होणार, आधी त्याला सुरक्षित वाटायला हवं.

पोलंडच्या अभ्यासातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे त्या वंशजांना, ज्यांनी युद्ध डोळ्यांनी बघितलंही नाही त्यांना, वस्तू आणि मालमत्तेचं कमी वाटतं आणि पोरांनी शिकावं असं जास्त वाटतं. आपल्या कुवेतवाल्या घरांची पण अशी नीट नोंद कॉलेजच्या मुलांनी वाड्यावाड्यावर जाऊन घ्यावी असं मला मनापासून वाटतं, तेव्हा शाळेत असलेले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांचे आईवडील थकत चाललेत.