ठिपका हलतो तेव्हा

माझा भाचा सोळा वर्षांचा. त्याचा महिन्याचा हातखर्च दहा तारखेच्या आतच संपतो, कारण तो जवळजवळ सगळा बाहेरून जेवण मागवण्यात जातो. घरात स्वयंपाक तयार असतो, तरी हात फोनकडे. ताई म्हणते, "जिभेचे चोचले, दुसरं काय!"

परवा मी शेजारी बसून पाहिलं. ऑर्डर दिल्यावर तो फोनमधल्या नकाशावर जेवण घेऊन येणाऱ्याचा ठिपका बघत होता. ठिपका थांबला की हा अस्वस्थ, सरकला की ताठ. बेल वाजली तेव्हा चेहरा असा काही खुलला! आणि डबा उघडल्यावर? चार घास खाल्ले, उरलेलं फ्रिजमध्ये. म्हणजे हे जिभेपुरतं प्रकरण नाही, मेंदूचंही आहे.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (पेशींमधला निरोप पोचवणारं एक रसायन) सोडणाऱ्या पेशींचे विद्युतसंकेत मोजले. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात कडकडत. मग रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकड सरावलं, आणि पेशी दिवा लागताच कडकडू लागल्या. रस आला तेव्हा गप्प! दिवा लावून रस दिलाच नाही, तर रसाच्या नेमक्या वेळी त्यांचा नेहमीचा संथ ठोकाही मंदावला. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाजातली चूक मोजतात.

चूक = मिळालं ते − वाटलं होतं ते

या चुकीचा काही हिस्सा जुन्या अंदाजात मिळवायचा, की नवा अंदाज तयार. शिकण्याचं हे गणित रेस्कॉर्ला आणि वॅगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं. १९९७ च्या मांडणीत भर पडली ती काळाची. 'मिळालं' यात हातात आलेलं बक्षीस तर धरायचंच, शिवाय या क्षणी पुढच्याबद्दल बदललेली अपेक्षाही धरायची. त्यामुळे संकेत मागे मागे सरकत सगळ्यात आधीच्या भरवशाच्या खुणेवर जाऊन बसतो. माझ्या मते ठिपक्याचं कोडं इथे सुटतं. तो सरकला की अपेक्षा वाढते, अडला की घटते, आणि दर वेळी एक छोटीशी 'चूक' नोंदली जाते.

घरचं जेवण कितीही रुचकर असो, त्याचा अंदाज पक्का असतो. चूक शून्य, पेशी गप्प. रोज तीच चव राखल्याची ताईला मिळालेली ही शिक्षा!

हल्ली 'डोपामिन डिटॉक्स'चं, म्हणजे मजेच्या गोष्टी काही काळ बंद ठेवून मेंदू 'साफ' करण्याचं खूळ आहे. डोपामिन म्हणजे काही पोटात साचलेला मळ नव्हे, उपास करून काढून टाकायला. ते बनवणाऱ्या पेशी मेल्या की पार्किन्सन होतो. ते 'आनंदाचं रसायन'ही नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, तरी तोंडात साखरेचं पाणी सोडल्यावर ते चवीनं ओठ चाटत. अन्नाकडे स्वतःहून जात मात्र नसत. आवडणं वेगळं, हवंसं वाटणं वेगळं. फ्रिजमधला तो अर्धा डबा आठवा.

वयाचा भाग आहेच. बक्षिसाला दाद देणारी यंत्रणा किशोरवयात तेजीत असते, आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. पण म्हणून मुलांना बिनडोक ठरवू नका. शांतपणे विचारलं तर हाच मुलगा महिन्याचा हिशेब माझ्याहून चोख मांडतो. गडबड होते ती बेल वाजायच्या आधीच्या अर्ध्या तासात.

त्याला मी हे सगळं सांगितलं. पटलं म्हणाला. पुढच्या ऑर्डरला प्रयोग म्हणून फोन पालथा ठेवला, ठिपका बघायचा नाही असं ठरवून. दोन मिनिटांनी तो खिडकीत उभा होता, रस्त्यावरच्या दुचाकींचे आवाज ऐकत.